मंत्रचळावर चुंबकाचा उतारा?

मराठीत एका आजाराला फार जुने आणि फार बोलके नाव आहे. मंत्रचळ. मंत्र म्हणताना एखादे अक्षर चुकले किंवा जप मध्येच तुटला, तर म्हणणाऱ्याचे चित्त चळते, अशी या शब्दामागची समजूत. समजूत खोटी असली तरी शब्द खोटा नाही. आपले काही चुकले तर नाही ना, ही धास्ती. ती घालवण्यासाठी सगळे पहिल्यापासून पुन्हा करणे. आणि पुन्हा केल्यावरही धास्ती जागच्या जागी. आजाराचा गाभा आपल्या भाषेने एका शब्दात पकडून ठेवला आहे. डॉक्टर त्याला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर म्हणतात, आणि घाईत असले की ओसीडी.

या मंत्रचळावर आता चुंबकाचा उपचार निघाला आहे. कवटी उघडायची नाही, भूल द्यायची नाही, विजेचा झटका द्यायचा नाही. डोक्याबाहेरूनच चुंबकीय स्पंदने देऊन मेंदूचा ठरावीक भाग चाळवायचा. याचे लांबलचक नाव ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजेच टीएमएस. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली नैराश्यासाठी आणि ऑगस्ट २०१८ मध्ये मंत्रचळासाठी अशा यंत्रांना परवानगी दिली. आता ही यंत्रे मुंबई-पुण्याच्या खासगी दवाखान्यांत आली आहेत आणि त्यांची कीर्ती मोबाइलवरून सोलापूरच्या घराघरांत पोहोचली आहे. गेल्या दीड-दोन वर्षांत परिचयातल्या तीन घरांतून मला विचारणा झाली, "साहेब, हे खरं आहे का? पोराला घेऊन जावं का?"

मी डॉक्टर नाही. माझी उमेद बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षे कर्जाच्या टेबलावर. तिथे प्रस्ताव वाचण्याची एक शिस्त लागते. अर्जदार भला वाटतो म्हणून मंजुरी द्यायची नसते आणि धंदा नवा आहे म्हणून अर्ज फेकूनही द्यायचा नसतो. धंदा नेमका काय आहे, आकडे कोणी मांडले, परतफेड किती होईल आणि बुडाले तर कोणाचे बुडेल, हे चार प्रश्न विचारायचे. त्याच शिस्तीने हा चुंबकाचा प्रस्ताव वाचून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

स्वतःची सही न मानणारी शंका

आधी आजार समजून घेतला पाहिजे, कारण त्याबद्दल गैरसमजच फार. तपासून पाहणे हा आजार नव्हे. बँक तर तपासण्यावरच उभी असते. तिजोरीला दोन किल्ल्या, त्याही दोन माणसांकडे. एकाने केलेली नोंद दुसरा पाहतो, कॅशिअरने मोजलेली रोकड अधिकारी पडताळतो. पण या तपासणीला शेवट असतो. रोकड जुळली, रजिस्टरवर सह्या झाल्या, तिजोरी बंद झाली की दिवस संपला.

माझ्याबरोबर एक कॅशिअर होते. नेक माणूस, हिशेबाला पक्के. रोकड जुळल्यावर, सह्या झाल्यावर ते बसथांब्यापर्यंत जात आणि परत येत. शंभराच्या गड्डीत एखादी नोट जास्त तर गेली नाही? ती पेन्शनवाली म्हातारी, तिला कमी तर दिले नाहीत? सही त्यांची स्वतःचीच, पण त्यांच्या शंकेला ती मंजूर नव्हती. पुढे त्यांनी बढती नाकारली, कारण बढती म्हणजे तिजोरीची किल्ली. शाखेत सगळे त्यांना कौतुकाने काटेकोर म्हणत. पण काटेकोर माणसाला काम नीट झाल्याचे समाधान मिळते. त्यांना ते एकाही संध्याकाळी मिळाले नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच वैद्यांनी या विकाराला 'शंकेचे वेड' म्हटले होते. शंका दर वेळी कुलपाची किंवा नोटांची नसते. कुणाला देवापुढे हात जोडले की अभद्र शब्द सुचतात. एखाद्या बाळंतिणीला आपल्याच तान्ह्याला इजा केल्याचे चित्र डोळ्यांपुढे दिसते आणि ती भीतीने स्वयंपाकघरातली सुरी लपवून ठेवते. अशा माणसाला त्या विचाराची किळस असते, म्हणून तर तो छळतो. तो विचार म्हणजे त्याची इच्छा नव्हे, हे त्याच्या घरच्यांना ठाऊक नसते आणि पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते. म्हणून तो वर्षानुवर्षे गप्प बसतो. आजार बहुधा विशीच्या अलीकडे-पलीकडे सुरू होतो आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत शिक्षणाची, लग्नाची, नोकरीची वर्षे निघून गेलेली असतात.

सोलापुरात या आजाराला आणखी एक पदर आहे, तो पाण्याचा. उजनीचे धरण भरले तरी या शहराच्या नळाला वर्षानुवर्षे तीन, चार, कधी पाच दिवसांआड पाणी आले. पिंप, घागरी, बादल्या, जे मिळेल ते भरून ठेवायचे आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचे. अशा घरात एखाद्या सुनेला धुण्याचा मंत्रचळ लागला तर काय होते, हे पूर्व भागातल्या विणकरांच्या एका घरात मी पाहिले आहे. भरलेले पिंप दुसऱ्या दिवशी दुपारीच रिकामे. सासू शेजारी घागर मागायला जाते, नवरा पाळीवरून येऊन टँकरमागे धावतो आणि सून हात धुता धुता रडते, कारण पाणी संपल्याचा अपराधही आता धुवायचा असतो. हातांची कातडी सोललेली. घरचे तिला माजोरी म्हणत. खेड्यातल्या नातेवाइकांनी बाहेरची बाधा म्हटले. आजार हा शब्द त्या घरात चार वर्षांनी आला.

ब्राह्मणी घरांत याच प्रकाराला वेगळी वागणूक मिळाली. तिथे त्याला कडक सोवळे म्हणून मान होता. वास्तविक सोवळे एका स्नानाने आणि धूतवस्त्राने पुरे होते, त्यालाही बँकेच्या दिवसासारखा शेवट असतो. ज्या मावशींचे ते दुपारी तीनपर्यंत पुरे होत नसे, त्या धर्मनिष्ठ नव्हत्या, आजारी होत्या. पण घराण्याला त्यांचा अभिमान असल्यामुळे त्यांना वैद्य दिसला नाही. एका घरात शिव्या आणि दुसऱ्या घरात नमस्कार. उपचार दोन्हीकडे नाही.

हे प्रमाण लहान नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले, त्यात हा आजार दर हजारी सुमारे आठ प्रौढांत आढळला. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही तेच प्रमाण धरले आणि सोलापूर जिल्ह्यात तीस लाख प्रौढ मानले, तर चोवीस हजार माणसे होतात. हा केवळ अंदाजी हिशेब आहे. पण यातली किती माणसे आज उपचार घेत असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

चुंबक डोक्यात काय करतो

आता प्रस्तावाकडे. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले की बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या तारेत वीज उत्पन्न करते. आपल्या घरातली वीज याच तत्त्वावर जनित्रात तयार होते. मेंदूतल्या पेशीही विजेच्या सूक्ष्म संदेशांवर चालतात. मग तारेचे वेटोळे डोक्याजवळ धरून त्यातून क्षणभर जोरदार प्रवाह सोडला, तर कवटीच्या आत वीज उत्पन्न होईल का? इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे करून दाखवले. डोक्यावर विशिष्ट जागी वेटोळे धरले आणि समोरच्या माणसाचे बोट आपोआप हलले. कातडीला चीर नाही, कवटीला भोक नाही.

एकच स्पंदन बोट हलवते. तीच स्पंदने एका लयीत हजारोंनी, आठवड्यांमागून आठवडे दिली तर मेंदूतल्या मंडलांच्या सवयी बदलतात, या कल्पनेवर पुढचा उपचार उभा राहिला. मंत्रचळात कपाळामागचा मेंदूचा भाग आणि खोलवरची काही केंद्रे यांच्यातले मंडल गरजेपेक्षा जास्त तापलेले असते, असे मेंदूच्या चित्रणांतून दिसले आहे. 'काहीतरी चुकले' ही घंटा तिथे वाजते आणि थांबत नाही. चुंबकाने त्या मंडलात ढवळाढवळ करून घंटा थांबवायची, असा हा बेत.

रुग्ण शुद्धीवर, खुर्चीत बसलेला असतो. डोक्यावर शिरस्त्राणासारखी टोपी, कानांत बोळे, कारण यंत्र टकटक आवाज करते. एक बैठक साधारण वीस मिनिटांची. डोके दुखणे, टाळूला टोचल्यासारखे होणे हे त्रास पुष्कळांना होतात आणि बहुधा ओसरतात. क्वचित फीट येण्याचा धोका असतो. ज्यांच्या डोक्यात धातूची पट्टी किंवा कानात बसवलेले श्रवणयंत्र आहे, ज्यांना फिट्सचा इतिहास आहे, त्यांनी ते आधी सांगितलेच पाहिजे.

चुंबक म्हटले की आपल्याकडे दुसरीच शंका येते, आणि ती रास्त आहे. जत्रेत आणि फूटपाथवर विकली जाणारी चुंबकाची कडी, पट्टे, चपला आपण पाहिल्या आहेत. अठराव्या शतकात मेस्मर नावाचा वैद्य पॅरिसमध्ये 'प्राणिज चुंबकत्वा'ने रोग बरे करत असे आणि गर्दी लोटत असे. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. त्यांनी रुग्णांचे डोळे बांधून प्रयोग केले. चुंबकत्व दिले नसताना दिले असे सांगितले, तरी लोक थरथरत. दिले असता सांगितले नाही, तर काहीच होत नसे. समितीने निकाल दिला: परिणाम कल्पनेचा आहे. तेव्हापासून अशा प्रत्येक उपचाराला एकच अग्निपरीक्षा लागू आहे. खऱ्या यंत्राबरोबर खोटे यंत्र ठेवायचे आणि दोहोंतला फरक मोजायचा.

आकडे काय सांगतात

मंत्रचळावरच्या चुंबकाने ही परीक्षा दिली. ज्या अभ्यासावर अमेरिकेतली परवानगी मिळाली त्यात १०० रुग्ण होते. ४९ जणांना खरा उपचार, ५१ जणांना लटका: टोपी तशीच, टकटक तशीच, पण उपयोगी स्पंदने मेंदूपर्यंत पोहोचत नव्हती. सहा आठवड्यांत २९ बैठका. औषधाने किंवा मानसोपचाराने पुरेसा गुण न आलेले हे रुग्ण होते, आणि बहुतेकांचे आधीचे उपचार चालूच होते. शेवटी खऱ्या उपचाराच्या गटात ३८ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, लटक्या गटात ११ टक्के.

म्हणजे मेस्मर जिथे हरला तिथे हे यंत्र टिकले. हे मोठे यश आहे, ते कमी लेखू नये. पण ताळेबंद वाचताना पहिली ओळ पाहून थांबायचे नसते.

पहिली गोष्ट, शंभरातले बासष्ट लोक प्रतिसादाविना परतले. लटक्या यंत्रानेही अकरा जणांना बरे वाटलेच असते, म्हणून चुंबकाची स्वतःची कमाई सत्तावीस. चार जणांना उपचार दिला तर ढोबळमानाने एकाला चुंबकामुळे फायदा.

दुसरी गोष्ट, प्रतिसाद म्हणजे काय? या आजाराची तीव्रता मोजायची येल-ब्राउन नावाची मोजपट्टी आहे, शून्य ते चाळीस गुणांची. गुण जितके जास्त तितका आजार जास्त. त्यात तीस टक्के घट झाली की प्रतिसाद धरला गेला. अठ्ठावीस गुणांवर असलेला तीव्र आजाराचा रुग्ण एकोणीसवर आला, तर तो प्रतिसादात मोजला जातो. एकोणीस म्हणजे अजूनही मध्यम तीव्रतेचा आजार. सहा आठवड्यांनंतर खऱ्या गटाची सरासरी घट सुमारे सहा गुणांची होती आणि लटक्या गटाची तीनच्या थोडी वर. रोज सहा तास हात धुणारी बाई तीन तासांवर आली, तर तिच्या घराला तो केवढा दिलासा! पण हा दिलासा आहे, मुक्ती नव्हे. दवाखान्याच्या जाहिरातीत 'यशाचा दर' म्हणून जो आकडा छापला जातो, त्यातून ही गोष्ट कधी कळत नाही.

तिसरी गोष्ट, हा अभ्यास यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाला होता. त्यामुळे तो खोटा ठरत नाही. नव्या यंत्रांचे अभ्यास बहुधा असेच होतात. पण अर्जदाराने स्वतःच्या सनदी लेखापालाकडून आणलेला ताळेबंद आपण जसा एकदा जास्त वाचतो, तसा हाही वाचावा.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या अभ्यासात प्रत्येक बैठकीपूर्वी रुग्णाची शंका मुद्दाम जागी केली जाई. कुलूप नीट लागले का, हाताला घाण लागली असेल का, असे ज्याचे त्याचे दुखणे आधी छेडायचे आणि मग चुंबक लावायचा. म्हणजे यंत्र एकटे काम करत नव्हते. मंडल तापलेले असताना त्यावर घाव घालायचा, अशी ती योजना होती. जिथे रुग्णाला नुसते खुर्चीत बसवून, मोबाइल हातात देऊन, यंत्र सुरू करून मदतनीस चहाला जातो, तिथे हा अभ्यास लागू पडतो असे कुणी म्हणू नये.

आपल्या देशातले काम काय सांगते? निम्हान्समध्ये या आजाराचे स्वतंत्र क्लिनिक कितीतरी वर्षे चालू आहे. तिथे मेंदूच्या दुसऱ्या एका भागावर मंद लयीची चुंबकीय स्पंदने देऊन केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या आणि लटक्या उपचारात फरक आढळला नाही. त्याच संस्थेच्या २०१९ च्या दुसऱ्या चाचणीत चुंबकाऐवजी अगदी क्षीण विद्युतप्रवाह वापरला होता. त्याचे यंत्र लहान आणि फार स्वस्त असते. २५ रुग्णांपैकी खरा प्रवाह मिळालेल्या १२ जणांत चौघांना गुण आला, लटक्या गटातल्या १३ जणांत एकालाही नाही. चाचणी लहान आहे, तिच्यावर इमारत बांधता येणार नाही. पण दोन्ही मिळून एक गोष्ट दाखवतात: 'मेंदूला चेतना देणे' हा एकच उपचार नाही. कोणते यंत्र, कोणती जागा, कोणती लय, किती बैठका, यावर सारे अवलंबून आहे. कापड म्हटले की चादरही आली आणि टॉवेलही आला, पण एकाच्या मागावर दुसरे निघत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको.

आधीच्या दोन पायऱ्या

चुंबक ही तिसरी पायरी आहे. पहिल्या दोन पायऱ्या न चढता तिच्यावर उडी मारणे म्हणजे चालू खाते न उघडता ओव्हरड्राफ्ट मागणे. पहिली पायरी औषधांची. नैराश्यावरची काही औषधे मंत्रचळावर चालतात, पण मात्रा बहुधा अधिक लागते आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या बंद करणारे आणि डॉक्टर बदलणारे रुग्ण पुष्कळ. पुरेशी मात्रा पुरेसे दिवस घेतल्यास साधारण निम्म्या रुग्णांना चांगला फरक पडतो.

दुसरी पायरी वर्तनोपचाराची. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये तिचा पाया घातला. ज्याची धास्ती वाटते त्याला थोडे थोडे सामोरे जायचे आणि नंतरची कृती करायची नाही. दाराच्या कडीला हात लावायचा आणि हात धुवायचा नाही. धास्ती चढते, शिखर गाठते आणि, रुग्णाचा विश्वास बसत नाही, पण न धुताच ओसरते. यात घरच्यांचेही शिक्षण असते, कारण माया म्हणून आपण 'हो, कुलूप लागलंय' असे दहा वेळा सांगतो, पाण्याच्या घागरी भरून देतो आणि नकळत आजाराला खतपाणी घालतो. अमेरिकेत लुईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवले की औषधाने बऱ्या झालेल्या आणि वर्तनोपचाराने बऱ्या झालेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या एकाच केंद्रात सारखाच बदल होतो. मेंदू बदलायला यंत्रच लागते असे नाही. शिकवलेले धैर्यही तो बदलते.

अडचण एवढीच की हे शिकवणारे कुठे आहेत? आपल्या देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही पुरा पडत नाही. सोलापुरात वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेले सर्वोपचार रुग्णालय आहे, पण राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणी. शिवाय वर्तनोपचाराला दर आठवड्याला तासभर बोलणारा प्रशिक्षित माणूस लागतो. यंत्र विकत घेता येते, माणूस घडवावा लागतो. म्हणून बाजार यंत्राकडे झुकतो.

बुडाले तर कोणाचे?

आता खर्चाचा प्रश्न. खासगी दवाखान्यात एका बैठकीला काही हजार रुपये पडतात. बैठका तीसच्या घरात, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. सोलापूर-पुणे अंतर अडीचशे किलोमीटर. हुतात्मा एक्स्प्रेसने रोज जाऊन-येऊन हे होणारे नाही. म्हणजे पुण्यात दीड महिना खोली घ्यायची, सोबत एक माणूस ठेवायचे आणि त्या माणसाचा रोजगार बुडवायचा. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या कुटुंबासाठी हे कर्ज आहे, आणि तारण बहुधा बाईच्या गळ्यातले.

विमा देईल का? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यावा असे सांगितले आणि विमा नियामकाने २०१८ मध्ये कंपन्यांना तसे कळवले. कागदावर बरोबरी झाली. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्यावर बेतलेल्या असतात. मंत्रचळाचा रुग्ण दाखल होत नाही. तो खुर्चीत वीस मिनिटे बसून उठतो. नियामकाने २०१९ मध्ये ज्या १२ आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळू नका असे सांगितले, त्यांत डोक्याला भोक पाडून आत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया आहे. बाहेरून चुंबक लावण्याचा उपचार त्या यादीत नव्हता. कवटी उघडली तर विमा, न उघडली तर स्वतःचा खिसा, असा हा न्याय.

नियमनाचाही विचार व्हावा. मानसोपचाराच्या इतिहासात उत्साहाने घातलेले घोटाळे कमी नाहीत. मेंदूतले धागे कापण्याची शस्त्रक्रिया १९३५ मध्ये सुरू झाली, तिच्या जनकाला १९४९ मध्ये नोबेल मिळाले आणि पुढे ती जवळजवळ टाकून द्यावी लागली. म्हणूनच आपल्या २०१७ च्या कायद्याने भूल न देता विजेचे झटके देण्यास बंदी घातली आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेला रुग्णाची संमती व मंडळाची परवानगी आवश्यक केली. चुंबकाच्या उपचाराचा कायद्यात नावाने उल्लेख नाही. धोका कमी असल्यामुळे तितकी कडक अट नकोच, पण यंत्र कोण चालवतो, कोणत्या आजारासाठी, कोणत्या पद्धतीने आणि निकाल काय, याची नोंद ठेवण्याची सक्ती तरी हवी. लॉकरच्या एका भेटीचीही आपण नोंद ठेवतो.

माझी शिफारस

कर्जाच्या प्रस्तावावर शेवटी शिफारस लिहावी लागते. माझी अशी: प्रस्ताव खरा आहे, अटींवर मंजूर करावा, पण सरसकट नाही.

ज्यांनी दोन औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस घेतली, वर्तनोपचार मनापासून करून पाहिला आणि तरीही आजार हटला नाही, त्यांनी मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने जरूर विचार करावा. जाण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. हे यंत्र आणि ही पद्धत मंत्रचळासाठी तपासलेली आहे की नैराश्यासाठीची इकडे वापरली जात आहे? सुरुवातीला आणि शेवटी येल-ब्राउन मोजणी लेखी देणार का? बैठकीपूर्वी माझी शंका जागी करणार का आणि जोडीला वर्तनोपचार आहे का? दहा-पंधरा बैठकांत काहीच फरक नसेल तर काय ठरवायचे? जो डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, तो बहुधा योग्य डॉक्टर. आणि ज्यांना अजून पहिलीच पायरी सापडलेली नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठीत बोलता येते.

सरकारसाठीची शिफारस वेगळी. सोलापूरसारख्या ठिकाणच्या प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एक यंत्र आणि त्याआधी वर्तनोपचाराचे दोन प्रशिक्षित माणसे द्यावीत. यंत्र जुने होईल, बदलेलही. नैराश्यावर २०१८ च्या कॅनडातल्या अभ्यासात सदतीस मिनिटांच्या बैठकीइतकेच काम तीन मिनिटांच्या बैठकीने झाले. २०२२ मध्ये अमेरिकेत दिवसाला दहा बैठका देऊन पाच दिवसांत संपणाऱ्या पद्धतीला परवानगी मिळाली, तीही नैराश्यासाठीच. उद्या मंत्रचळासाठी असे काही सिद्ध झाले, तर एका यंत्रावर आजच्या अनेक पट रुग्ण होतील आणि दीड महिन्याची पुण्यातली खोली वाचेल. त्या दिवशी आपल्या रुग्णालयात यंत्र चालवणारी माणसे तयार असली पाहिजेत.

विणकराच्या घरातली ती सून आता गोळ्यांवर आणि दर पंधरा दिवसांच्या समुपदेशनावर आहे. पूर्ण बरी नाही. पण पिंप पुढच्या पाळीपर्यंत पुरते आणि सासू शेजारणीला सांगते, "तिला आजार आहे, औषध चालू आहे." चुंबक येईल तेव्हा येवो. आधी हे एवढे वाक्य आपल्या घराघरांत उच्चारले गेले, तर चोवीस हजारांतल्या पुष्कळांची वाट मोकळी होईल.